आइस्क्रीम न खाता आणलेल्या काड्या

फेब्रुवारीतल्या एका रविवारी रात्री साडेनऊ वाजता मी नांदेडमध्ये, ताईच्या घराजवळच्या स्टेशनरीच्या दुकानात रांगेत उभा होतो. पुढे चार आया, दोन बाप आणि एक आजोबा. सगळ्यांच्या मोबाइलवर शाळेच्या ग्रुपवरचा एकच मेसेज उघडा: तिसरीच्या मुलांनी उद्या 'टाकाऊपासून टिकाऊ' या विषयावर एक वस्तू बनवून आणावी. दुकानदाराला मेसेज दाखवायची गरजच पडली नाही. काउंटरवर त्याने आधीच ढीग लावून ठेवला होता. आइस्क्रीमच्या काड्यांची पन्नास-पन्नासची पाकिटं, चमकीचे कागद, फेव्हिकॉल, चिकटवायचे मोती. मागच्या शोकेसमध्ये त्याच काड्यांची तयार झोपडीही होती. "वेळ नसंल तर रेडीमेड हाय," तो मला म्हणाला.

त्या काड्यांना कधीच आइस्क्रीम लागलं नव्हतं. कारखान्यात कापून, गुळगुळीत करून, पाकिटात भरून त्या थेट 'टाकाऊ' म्हणून विकायला आल्या होत्या. आमच्या घरात तेव्हा खरं टाकाऊ भरपूर पडलेलं होतं. कुरिअरचे खोके, दुधाच्या पिशव्या, नारळाच्या करवंट्या, संपलेल्या रिफिली, तुटक्या पट्ट्याची चप्पल. त्यातलं काही चाललं नसतं, कारण ते टाकाऊ दिसलं असतं.

मी दोन पाकिटं घेतली. भाची दहाला झोपली. ताई आणि मी बारापर्यंत झोपडी बांधत बसलो. "इंजिनिअर हाईस ना, छत बसव," ताई म्हणाली. छत तीनदा घसरलं, चौथ्यांदा मी यूट्यूब लावलं. सकाळी भाचीने झोपडीच्या तळाशी आपलं नाव आणि रोल नंबर लिहिला. त्या वस्तूत तिचा हात लागला तो एवढाच. संध्याकाळी झोपडी 'एक्सलंट'चं स्टिकर लावून परत आली. वर्गातल्या एका मुलाने करवंटीचं कासव आणलं होतं. पाय वाकडे, त्यातला एक वाटेत गळलेला. त्याला शेरा मिळाला, 'नीटनेटकेपणा हवा.' हे मला भाचीनेच सांगितलं आणि थोडं थांबून म्हणाली, "पण मामा, त्याचं कासव त्यानं केलतं."

तेव्हापासून माझं डोकं फिरलेलं आहे.

माझी मागणी साधी आहे. 'घरून बनवून आणा' हा प्रकार शाळांनी बंद करावा. सगळाच. मातीचा बैल, काड्यांची झोपडी, थर्माकोलबंदी झाल्यावर फोमशीटवर गेलेली सूर्यमाला, फाइलमध्ये प्लास्टिकखाली चिकटवलेली पिंपळाची पानं, सगळं. मुलांच्या हाताला काम द्यायचंय ना? मग ते शाळेत, मुलांच्याच हाताने, बाईंच्या डोळ्यांसमोर बिघडू द्या. घरी पाठवलं की ते मुलाचं काम राहत नाही, आईचा गृहपाठ होतो. आणि आईलाही वेळ नसला की दुकानदाराचा धंदा. हस्तकला म्हणून शाळा जे गोळा करते, ती प्रत्यक्षात पालकांची पावती असते.

स्वयंपाकाचंही तेच झालंय. शाळांमध्ये 'बिनआगीचा स्वयंपाक' नावाची स्पर्धा असते. घरून कांदा चिरून, बटाटा उकडून, चटणी वाटून डबे येतात. मूल ते सगळं एका बशीत ओततं, वर शेव टाकतं आणि टोपी घालून फोटो काढतं. रील्समध्ये तर मुलाने ब्रेडच्या तुकड्यावर काकडीचे डोळे आणि टोमॅटोचं तोंड बसवलं की 'किड्स रेसिपी' झाली. तीस सेकंदांत. त्या तीस सेकंदांत काहीच करपत नाही, सांडत नाही, फुटत नाही. मुलाला एवढंच कळतं की गोष्टी पहिल्याच वेळी जमतात आणि आपल्याच जमत नाहीत.

मला हे इतकं का झोंबतं, ते सांगतो. मी स्वतः असाच तयार झालेलो माल आहे. अहमदपूर तालुक्यातलं गाव, दहावीनंतर लातूर. लातूर पॅटर्न हे शब्द आता महाराष्ट्रभर ब्रँडसारखे वापरतात, तेव्हा जास्त समजावत नाही. शहरातल्या एका भागाला लोक रिक्षावाल्यापासून घरमालकापर्यंत 'ट्युशन एरिया' असंच म्हणतात, तिथल्या एका खोलीत मी दोन वर्षं काढली. त्या दोन वर्षांत माझ्या हाताने काय केलं? काळ्या पेनाने गोल भरले. नांदेडच्या भाग्यनगरात आज तेच चालू आहे, फक्त आता सहावीपासून 'फाउंडेशन' सुरू होतं.

मग इंजिनिअरिंग. पहिल्या वर्षाला वर्कशॉप नावाचा विषय असतो. लोखंडाच्या दोन पट्ट्या कानशीने घासून एकमेकींत चपखल बसवायच्या. आमच्या कॉलेजात (नाव सांगत नाही, सगळीकडे थोड्याफार फरकाने हेच होतं असं मित्र सांगतात) मागच्या वर्षीचा जॉब विकत मिळायचा. पॉलिश पेपर मारून, नंबर बदलून तोच जमा करायचा. मीही केला. वर्कशॉपमध्ये मला चांगले मार्क आहेत आणि कानस कशी धरायची ते मला आजही येत नाही. म्हणजे काड्यांच्या झोपडीचा आणि त्या पट्टीचा धंदा एकच आहे. तिसरीत सवय लागते, पहिल्या वर्षाला कामी येते.

आपण केलेली वस्तू आधी चुकते, आणि ते नॉर्मल असतं, हे मला पहिल्यांदा नोकरीत कळलं, बाविसाव्या वर्षी. कोड रोज तुटतो. तो का तुटला हे शांतपणे शोधत बसणं, हेच काम आहे. पहिले सहा महिने प्रत्येक बगला मला आपण नापास झाल्यासारखं वाटायचं. माझ्याबरोबर रुजू झालेला एक मुलगा मात्र मजेत असायचा. त्याच्या वडिलांचं पंप दुरुस्तीचं दुकान होतं. उघडून बघण्याची भीतीच त्याला नव्हती.

आता थोडं मागे जातो. आजोळी आम्ही ज्वारीच्या धाटाच्या गाड्या करायचो. ज्यांनी केल्या नाहीत त्यांच्यासाठी कृती सांगतो. वाळलेलं धाट घ्यायचं. वरचं सालपट उभं सोलायचं, नखाने किंवा दाताने. दाताने सोललं तर ओठ चिरतो, कारण सालपटाला धार असते. आत पांढरं, हलकं भेंड निघतं. भेंडाचे बोटभर तुकडे करायचे आणि सालपटाच्या बारीक काड्या करायच्या. काडी भेंडात खुपसली की घट्ट बसते. डिंक नको, खिळा नको. भेंड म्हणजे जोड, सालपट म्हणजे दांडा. एवढ्या दोन गोष्टींतून चाकं, आस, साटा, जू, बैल, वर बसलेला माणूस, सगळं होतं. चौकोनी साटा केला की तो लचकायचा. मग मामाचा मुलगा त्यात एक काडी तिरपी घालायचा आणि साटा ताठ व्हायचा. चौकोन हलतो, त्रिकोण हलत नाही. पुढे मेकॅनिक्समध्ये ट्रस आले तेव्हा सरांनी हे फळ्यावर दोन तास शिकवलं. मला मात्र सगळा वेळ आजोळचं अंगण आणि चिरलेला ओठ आठवत होता.

अरविंद गुप्तांची 'मॅचस्टिक मेकॅनो' पाहिली तेव्हा मी खुर्चीतून उठलोच. आयआयटी कानपूरचे इंजिनिअर, टेल्कोत ट्रक बनवण्याच्या कामावर. १९७८ साली तिथून रजा घेऊन ते मध्य प्रदेशात होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले आणि खेड्यातल्या मुलांसाठी खेळणी शोधू लागले. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे छोटे तुकडे आणि काडेपेटीच्या काड्या. ट्यूब म्हणजे जोड, काडी म्हणजे दांडा. आपली धाटाची गाडीच की ही! पुढे पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अशी शेकडो खेळणी केली, सगळ्यांचे व्हिडिओ आणि पुस्तकं फुकट ठेवली, २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचे व्हिडिओ बघा. त्यात वस्तू देखणी दिसावी म्हणून एकही गोष्ट केलेली नाही. खेळणं चालतं की नाही, एवढाच प्रश्न. आणि चालून झालं की मुलाने ते मोडून बघावं, ही अपेक्षा.

त्यांच्याही आधी ताराबाई मोडकांनी हे केलं होतं. माँटेसरीची साधनं महागडी, परदेशी. १९४५ मध्ये बोर्डीला आणि नंतर कोसबाडला अनुताई वाघांबरोबर काम करताना ताराबाईंनी शंख-शिंपले, बिया, पानं, खडे अशा भोवतालच्या वस्तूंतून साधनं उभी केली. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात नेली, गुरं राखायला गेली तर कुरणात नेली. आज त्याच महाराष्ट्रात बालवाडीच्या फीमध्ये 'अ‍ॅक्टिव्हिटी किट' असा वेगळा आकडा लावतात.

पण इथे 'आमच्या वेळी काय मजा होती' असा सूर लावून मी सुटणार नाही. धाटाच्या गाड्या गेल्या त्या फक्त मोबाइलमुळे गेल्या, हे म्हणणं आळशीपणाचं आहे. आधी धाट गेलं. लातूरची बाजारपेठ आता सोयाबीनच्या भावावर हलते, आमच्या शिवारातही खरिपाला सोयाबीन आणि तूर. सोयाबीनचं काड मळणीयंत्रातून भुसकट होऊन बाहेर पडतं, त्याची गाडी होत नाही. दावणीला बैल नाहीत, मग पोळ्याला बैल बघून बैल करायचा कुठून? मूल पुस्तकातलं चित्र बघून मातीचा बैल करतं किंवा बाजारातून रंगवलेला आणतं. तेव्हा धाटाची गाडी परत आणा असं मी म्हणत नाही. आज घरात जे खरोखर पडलेलं आहे आणि घरात जे काम खरोखर चाललेलं आहे, त्यात मुलाला घ्या, असं म्हणतो. कुरिअरचा खोका हे आपलं धाट आहे.

तर मे महिन्यात मी हे स्वतः करून बघायचं ठरवलं. पनवेल-नांदेडने गावाकडे निघालो, आठ दिवस रजा टाकून. आई दरवर्षी कुरडया करते. म्हटलं, यंदा भाची आणि मी.

कुरडईसारखा लहान मुलांना गुंतवणारा पदार्थ मला दुसरा माहीत नाही, कारण ती चार-पाच दिवस चालते आणि रोज काहीतरी बदलतं. एक किलो गहू भिजत घातले. रोज पाणी बदलायचं, तीन दिवस. तिसऱ्या दिवशी आंबूस वास सुटला. भाचीने नाक धरलं, "मामा, हे खराब झालंय, टाकून दे." मग खराब झालेलं आणि आंबलेलं यात काय फरक, यावर आमची अर्धा तास चर्चा झाली. दही, इडली, येळवसेची आंबील, सगळं निघालं. चौथ्या दिवशी गहू वाटले, फडक्यातून पिळले. चोथा बाजूला, खाली दुधासारखं पाणी. ते रात्रभर झाकून ठेवलं. सकाळी वर पिवळसर पाणी आणि तळाशी पांढरा घट्ट थर. "आपण काहीच केलं नाही, मग वेगळं कुणी केलं?" हा तिचा प्रश्न. मी म्हटलं, जडपणाने. रात्रभर एकेक कण खाली बसत गेला.

वरचं पाणी अलगद ओतून टाकलं. मग तिला म्हटलं, थरावर जोरात बोट मार. टणक. आता हळू ठेव. बोट आत गेलं. ती दहा मिनिटं हेच करत बसली. हाच प्रकार मक्याच्या स्टार्चमध्ये करून दाखवणारी रंगीत डबी ऑनलाइन मिळते, 'सायन्स किट' म्हणून. आमच्या आज्ज्या ती दर उन्हाळ्यात पातेलंभर करायच्या.

शिजवताना मी माती खाल्ली. जेवढा चीक तेवढं पाणी, मीठ घालून उकळायचं, मग एका हाताने चीक ओतत दुसऱ्या हाताने सतत ढवळायचं. मी एकदम ओतला. साठेक अंशांवर स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात. एकदम ओतलं की गोळ्याची बाहेरची बाजू आधी शिजते आणि आतला चीक कच्चाच अडकून पडतो. हे मी नंतर वाचलं. त्या वेळी एवढंच दिसलं की पातेल्यात गुठळ्या झाल्यात. पहिल्याच घाण्याला सोऱ्या तुंबला. दाब देऊन माझं मनगट दुखायला लागलं. आई दारात उभी राहून बघत होती. "हळू वतायचं आस्तं," एवढंच म्हणाली. दुसरा घाणा तिने ओतला, मी ढवळला, भाचीने गच्चीवर प्लास्टिकच्या कागदावर सोऱ्या फिरवला. तिच्या कुरडया गोल नव्हत्या. एक तर सरळ नऊच्या आकड्यासारखी. उरलेला चीक तेल-मीठ घालून आम्ही तिघांनी पातेल्याशीच बसून खाल्ला. पारा ४२च्या वर, दोन दिवसांत कुरडया खडखडीत वाळल्या.

हे सगळं मी मोठ्या अभिमानाने ताईला फोनवर सांगितलं. म्हटलं, हे खरं शिक्षण, तुमच्या त्या झोपड्या बंद करा. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "तुला आठवतंय का, कुरडया करताना तू कुठं असायचास?"

मी क्रिकेट खेळायला. चीक झाला की मला हाक मारायचे.

"मी पहाटे पाचला उठून ढवळायचे. नववीत होते. शेवया, पापड, सांडगे, सगळं. मला कुणी इचारलं नाही मजा येतीय का म्हणून. तू आठ दिवस सुट्टी काढून आलास, तुझं कौतुक करायलेत सगळे. मी रोज दोन डबे करते, ऑफिस करते, आणि रातच्याला पोरीची झोपडी बांधते. आता तू म्हणायलास पोरीला सैपाकात घ्या. पसारा कोण आवरणार? शाळेत बाई पोरीला बोलल्या तर कोण ऐकून घेणार?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पूर्ण उत्तर अजूनही नाही. 'मुलांबरोबर घरी काहीतरी करा' या गोड वाक्यात 'कुणी' हा शब्द गाळलेला असतो आणि तिथे न लिहिता आई असते. शाळेवर मी जो आरोप केला, तोच मी ताईवर लादत होतो.

आणखीही एक गोष्ट आहे, जी असल्या लेखांमध्ये सहसा येत नाही. आमच्याकडे हाताच्या कामाला जात चिकटलेली होती. माती कुणी मळायची, दोर कुणी वळायचा, चामडं कुणी शिवायचं, बांबू कुणी सोलायचा, हे ठरलेलं. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या हेच केलं, त्यांनी शाळेकडे त्यातून सुटायचा रस्ता म्हणून पाहिलं. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधींनी हस्तोद्योगातून शिक्षणाची कल्पना मांडली. ती फार रुजली नाही, त्याला हे एक कारण असावं असं मला वाटतं. पोराने पुन्हा टोपलीच विणायची, तर शाळेत कशाला घालायचं? माझ्या वर्गातल्या एका मित्राचे वडील सुतारकाम करायचे, त्यांनी त्याला रंधा कधी हातात घेऊ दिला नाही. मला ते चूक वाटत नाही. 'हाताने काम करा' हे सांगायला सोपं त्यालाच जातं, ज्याला ते काम सोडून देता येतं. म्हणजे मला.

म्हणूनच हे काम घरावर न टाकता शाळेत, सगळ्यांना एकत्र बसवून झालं पाहिजे, असं मी म्हणतो. मुलगा-मुलगी, सुताराचं, डॉक्टरचं, एकाच पाटावर, एकाच मातीत हात. कागदावर सोय आहेच. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांना सुतारकाम, विजेचं काम, बागकाम, कुंभारकाम असं काहीतरी हाताळायला द्यायचं लिहिलंय, दहा दिवस दप्तराविना. आपण ते दहा दिवस कसे भरू याचा मला अंदाज आहे. काड्यांचं पाकीट घेऊन या, असा मेसेज येईल.

शाळेला एवढंच सांगावंसं वाटतं. वर्गात एक खोका ठेवा, मुलं घरून खरंखुरं टाकाऊ आणतील. आठवड्यातून दोन तास द्या. जे होईल त्याला स्टिकर लावू नका, शेराही लिहू नका. एक बुधवारचा तास गॅसच्या शेगडीपाशी घ्या, बाईंच्या देखरेखीत, मुलगे धरून. आणि झाल्यावर भांडी मुलांनी घासायची. सगळ्यांनी.

हे शेवटचं कलम ताईचं आहे. फोन ठेवताना तिने विचारलं होतं, "सोऱ्या कुणी धुतला?"

कुणीच धुतला नव्हता. आईने तो बादलीत टाकून ठेवला होता, रात्री धुवायला. मी तो काढला. चकतीच्या भोकांत चीक सुकून दगड झाला होता. ब्रशने निघेना. भाचीने आईच्या शिवणाच्या डब्यातून सुई आणली. एकेक भोक. मी टोकरत होतो, ती वरून पाणी ओतत होती. पाऊण तास लागला.